क्रॉफर्डची चौकशी आणि गव्हर्नरांचा शब्द

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आहे आणि हार्बर लाइनवर रे रोड स्टेशन. ही दोन नावं १८८८ साली एकाच प्रकरणात समोरासमोर आली होती.

आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. पुढे तो पुण्यात मध्य विभागाचा कमिशनर झाला, तोवर गळ्यापर्यंत कर्जात बुडालेला. मामलेदारांच्या बदल्या-बढत्यांसाठी साहेब पैसे घेतात आणि व्यवहार हणमंतराव जहागीरदारामार्फत होतो, अशी सगळीकडे कुजबुज होती. पुरावा मात्र मिळेना, कारण तोंड उघडणारा मामलेदार स्वतःच अडकणार! गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारनं ही कोंडी फोडली. खरं सांगेल त्याला अभय, असा शब्द पोलिसप्रमुख ओमनी यांच्यामार्फत दिला गेला आणि जबान्या येऊ लागल्या. क्रॉफर्ड वेष पालटून पुण्यातून निसटला, तो मुंबईत सापडला.

चौकशी कमिशननं लाचखोरीचे आरोप फेटाळले. हाताखालच्या मुलखात कर्जं काढल्याचा दोष मात्र सिद्ध धरला, आणि तेवढ्यावर त्याची नोकरी गेली. नुसता अहवाल वाचणाऱ्याला वाटतं, प्रकरण मिटलं.

खरी गंमत पत्रव्यवहारात आहे. मुंबईच्या गव्हर्नरला व्हाइसरॉयला वगळून थेट लंडनला, भारतमंत्र्यांना लिहिण्याचा हक्क होता. त्यामुळे एकाच प्रश्नावर मुंबई, कलकत्ता आणि लंडन अशी तिहेरी ओढाताण कागदावर उतरते. त्यातही सरकारी पत्राची भाषा इस्त्री केलेली. मनातलं यायचं ते खाजगी पत्रात. ती पत्रं साहेब मायदेशी जाताना बरोबर नेत. म्हणून मुंबई सरकारचे ठराव काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात शोधायचे, आणि त्यामागची कुरबुर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. एकच टोक धरून इतिहास लिहिणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

अभयाचा तो शब्द विलायतेत वादात सापडला. पैसे देऊन पद मिळवणाऱ्यानं मॅजिस्ट्रेट म्हणून न्याय करायचा? पार्लमेंटात ओरड झाली. पुण्यात टिळक मामलेदारांच्या बाजूनं उभे राहिले: सरकारनं दिलेला शब्द पाळावा. १८८९ मध्ये मामलेदारांना खटल्यांपासून वाचवणारा कायदा झाला खरा, पण काहींना नोकरी सोडावी लागली. म्हणजे लाच घेतल्याचं शाबीत झालं नाही, आणि दिल्याबद्दल मात्र माणसं घरी गेली!

क्रॉफर्ड विलायतेत गेला आणि १८९७ साली ‘अवर ट्रबल्स इन पूना अँड द डेक्कन’ हे पुस्तक लिहून मोकळा झाला.