युद्धकैद्यांची टपाल कार्डे : कौटुंबिक इतिहासाचे एक साधन

बीजशब्द : युद्धकैदी, टपाल, तोब्रुक, मराठा पलटण, मौखिक परंपरा

दुसऱ्या महायुद्धात युरोपात कैदेत पडलेल्या भारतीय सैनिकांचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने आझाद हिंद चळवळीच्या अनुषंगाने होतो. ज्यांनी ती वाट धरली नाही, त्यांची हकीकत घरच्या पत्र्याच्या पेटीतच राहिली. प्रस्तुत लेखात अशा एका पेटीतील दोन कार्डांचे वाचन केले आहे. ती प्रस्तुत लेखकाच्या आजोबांची असून, 'ते जर्मनीत नेताजींच्या फौजेत होते' अशी गावात दृढ समजूत आहे.

१९२९ च्या जिनिव्हा करारातील ३६ व्या कलमानुसार, छावणीत पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला घरी कार्ड पाठवू देणे बंधनकारक होते. हे टपाल विनाशुल्क जाई. म्हणून त्यावर तिकीट नसते. (तिकीट नाही म्हणून अशी किती कार्डे रद्दीत गेली असतील!) सेन्सॉरमुळे मजकूर अल्प, येथेही रोमन लिपीतील हिंदुस्तानीत केवळ खुशाली आहे. त्यामुळे वाचावयाचे ते छापील नमुना, क्रमांक आणि शिक्के.

पहिले कार्ड इटालियन आहे. छावणी क्रमांक ९१, म्हणजे रोमच्या पूर्वेकडील अवेझ्झानो. शिक्क्यात तारखेनंतर रोमन अंकांत २१ हा आकडा येतो. तो फॅसिस्ट राजवटीच्या वर्षाचा असून ते वर्ष ऑक्टोबर १९४२ अखेरीस सुरू झाले. आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीत होते व ती पलटण जून १९४२ मध्ये तोब्रुकच्या पाडावात कैद झाली. येथवर संगती लागते.

दुसरे कार्ड जर्मन, मार्च १९४४ चे. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर जर्मनांनी अनेक कैदी आपल्या ताब्यातील प्रदेशात हलविले. कार्डावर 'फ्रंटश्टालाग ३१५' आहे, म्हणजे फ्रान्समधील एपिनाल. खरा प्रश्न येथे सुटतो. भारतीय लीजन ही जर्मन सैन्याची ९५० वी रेजिमेंट होती. तिच्या सैनिकांचे टपाल लष्करी फील्डपोस्ट क्रमांकाने जाई. या कार्डावर मात्र 'युद्धकैद्यांचे टपाल' असे छापलेले असून खाली कैदी क्रमांक आहे. म्हणजे मार्च १९४४ मध्ये आजोबा लीजनमध्ये नव्हते, कैदेतच होते.

११ मे १९४४ रोजी अमेरिकी विमानांचे बॉम्ब एपिनालच्या छावणीवर पडले. अनेक भारतीय मृत्युमुखी पडले, शेकडो निसटले व सुमारे ५०० जण चालत स्वित्झर्लंडात पोहोचले. यानंतरचे कार्ड पेटीत नाही. मात्र आजी सांगत असे, 'तिकडं डोंगरात एका म्हातारीच्या गोठ्यात ते महिनाभर गाईंजवळ निजले.' ही गोष्ट घरात कोणी गांभीर्याने घेतली नव्हती.

हे सर्व चुलत्यांना दाखविले तेव्हा त्यांनी कार्डे पुन्हा पेटीत ठेवली. गावाच्या स्मरणिकेत आजोबांचे नाव 'आझाद हिंद सैनिक' म्हणून तोवर छापून झाले होते.