गोळीच्या आधी कारण शोधा

समजा, कुंभवलीतले एक घर. अब्बू तारापूर एमआयडीसीत पाळीने कामाला जातात. सतरा वर्षांचा मुलगा बौद्धिक दिव्यांग. दोन-चार शब्दच बोलतो. महिनाभरापासून तो संध्याकाळी भिंतीवर डोके आपटतो, धाकट्या बहिणीचे केस ओढतो. शेजारीण म्हणते, "भाभी, डॉक्टरांकडून झोपेची गोळी लिहून घ्या, शांत पडून राहील." थकलेल्या अम्मीला ते पटते. पण तो असे का करतो, हे कुणीच शोधलेले नसते.

ज्याला शब्द सापडत नाहीत, तो अंगाने बोलतो. म्हणून आधी दुखणे तपासा: किडलेला दात, कान, बद्धकोष्ठ, पोटातील जळजळ, मुलींमध्ये पाळीचा त्रास. अनेकदा मूळ इथेच असते.

दुखणे नसेल, तर दोन आठवडे एक वही ठेवा. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: आधी काय घडले, त्याने काय केले, नंतर त्याला काय मिळाले. आपल्या घरातली वही कदाचित सांगेल की त्रास अब्बूंच्या दुसऱ्या पाळीच्या आठवड्यातच होतो. एरवी मगरिबनंतर ते त्याला फिरायला नेतात. त्या आठवड्यात फिरणे बंद, कारण त्याला कळत नाही. मग उपाय सोपा होतो. भिंतीवर अब्बूंचा फोटो आणि त्या दिवसाचे चित्र लावायचे, आणि त्या वेळी मामूंनी किंवा मोठ्या भावाने त्याला न्यायचे. "बाहेर" दाखवणारे चित्र हातात द्यायला तो शिकला, की केस ओढण्याची गरज उरत नाही. रमजानमध्ये जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा बदलतात. तेव्हाही आठवडाभर आधीपासून थोडाथोडा बदल करावा.

गोळी हा जवळचा रस्ता वाटतो. पण 2008 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास पाहा. इंग्लंड, वेल्स आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड इथल्या 86 आक्रमक बौद्धिक दिव्यांग व्यक्तींचे तीन गट केले. दोन गटांना हॅलोपेरिडॉल आणि रिस्पेरिडोन ही मनोविकाराची औषधे दिली, तिसऱ्याला औषध नसलेली गोळी. चार आठवड्यांत तिन्ही गटांची आक्रमकता घटली; सर्वांत जास्त घटली ती औषध नसलेल्या गटात. पुढे 2015 मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेचा अंदाज आला: तिथले 30,000 ते 35,000 बौद्धिक दिव्यांग प्रौढ तो आजार नसताना मनोविकाराची औषधे रोज घेत आहेत. 2016 पासून ती कमी करण्याची मोहीम तिथे सुरू झाली. या औषधांनी सुस्ती येते, वजन वाढते, हातपाय ताठरतात. न बोलणारा मुलगा ते सांगणार कसा?

मात्र सुरू असलेली गोळी घरच्या घरी एकदम बंद करू नका. फिट्सची गोळी तर मुळीच नको. डॉक्टरांना विचारा: ही कशासाठी, किती दिवस, कमी कधी करायची? काहींना औषध खरोखर लागते. तेव्हाही वही सोबत न्या.

मदत मिळू शकते. मुंबईत शिवडीची जय वकील शाळा 1944 पासून याच मुलांसाठी काम करते. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आधी काढून ठेवा.

सूरह निसाच्या पाचव्या आयतीत, ज्यांना स्वतःचे व्यवहार सांभाळता येत नाहीत त्यांच्या अन्नवस्त्राची जबाबदारी आपल्यावर टाकली आहे. तिथेच त्यांच्याशी भल्या शब्दांत बोलण्याचीही ताकीद आहे. अन्नवस्त्र आपण देतोच. भल्या शब्दांत बोलायचे, तर तो काय सांगतोय ते आधी ऐकावे लागेल. आज रात्री जुनी वही काढा आणि पहिले पान लिहा.