वाड्याच्या भिंतीतला वड

येत्या ऑक्टोबरात आम्ही दोघं चिखलीचं घर बंद करून लेकाकडे सिएटलला राहायला जातोय. भांडीकुंडी वाटून झाली. अडलं ते गच्चीवरच्या तीन वामनवृक्षांपाशी.

वड सगळ्यांत जुना. 1994 साली मेहकरच्या माहेरच्या वाड्याची भिंत पाडली, तेव्हा विटांच्या फटीतून बोटभर रोप मुळासकट निघालं. आज ते फूटभर आहे, दोन पारंब्या आहेत. आमच्याकडची काळी माती उथळ कुंडीत पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून वीटचुरा, जाड वाळू आणि चाळलेलं शेणखत. मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी. नळ आठवड्यानं यायचा तेव्हाही त्याचा तांब्या मी आधी बाजूला काढायची.

"आई, घेऊनच ये," लेक म्हणाला. मग त्यानंच नियम वाचून दाखवले. अमेरिकेत परदेशी बोन्सायला साध्या रोपापेक्षा कडक अटी आहेत. झाड सरकारदरबारी नोंदलेल्या रोपवाटिकेत किमान 2 वर्षं जाळीघरात वाढलेलं हवं. जाळीची भोकं 1.6 मिलिमीटरहून मोठी नकोत, कुंडी जमिनीपासून 50 सेंटीमीटर उंच बाकावर हवी, माती निर्जंतुक हवी. शिवाय झाड निरोगी असल्याचं आपल्या सरकारचं प्रमाणपत्र. माझी गच्ची यात कुठंच बसत नाही.

आधी रागच आला. कारण कळलं ते नेमकं लेकाच्या गावाजवळचं. 2001 साली सिएटलशेजारच्या टकविला इथं, कोरियाहून आलेल्या मेपलच्या बोन्सायमधून लांब मिशांचे भुंगेरे बाहेर पडले. त्यांची अळी खोडाच्या आत राहते, वरून काही दिसत नाही. कीड पसरू नये म्हणून आसपासची शेकडो झाडं तोडावी लागली. ज्यांच्या घरी संत्र्याची बाग आहे, त्यांना खोड पोखरणाऱ्या अळीची दहशत समजावून सांगायला नको.

जपाननं 1976 साली अमेरिकेला 53 बोन्साय भेट दिले. देशानं देशाला दिलेली भेट, तरी ती झाडं आधी वर्षभर वेगळी ठेवली गेली. त्यातलं यामाकी कुटुंबाचं पाइन तर 1625 पासून जोपासलेलं, हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेलं. हे वाचल्यावर मी माझा हट्ट सोडला.

आणि परवानगी मिळाली असती तरी काय? सिएटलला डिसेंबरात दिवस जेमतेम साडेआठ तासांचा. आपला वड तिथं खिडकीआड दिव्याखाली बसला असता.

उंबर शेतात विहिरीजवळ लावलाय. बोन्साय ही बुटकी जात नव्हे. मुळांना जमीन मिळाली की झाड आपल्या मूळ उंचीकडे निघतं. चिंच धाकट्या जावेनं मागून घेतली. वड मात्र मला कुंडीतच राहायला हवाय, आणि त्याला रोज पाहणारं माणूस हवं. मागच्या गल्लीतली माझी जुनी विद्यार्थिनी गेले चार महिने रोज सकाळी येते. कुंडी बोटानं चाचपून मगच पाणी घालते, घड्याळ बघून नाही.

काल फांद्यांवरची तांब्याची तार काढली. उलगडत गेलं तर साल सोलते, म्हणून तुकडे तुकडे कापावी लागते. पहिली फांदी मी केली. दुसरी तिनं.