धोंडो या नावाची घडण

धोंडो हे नाव 'धोंडा' या शब्दावरून आले आणि धोंडा म्हणजे दगड, एवढे कोणताही मराठी माणूस सांगेल. प्रश्न पुढचा आहे. पोटच्या पोराला दगड का म्हणावे? मराठीत धोंड्याला फारसा मान नाही. नुकसान ओढवून घेणारा पायावर धोंडा पाडून घेतो, फसलेल्याच्या पदरात धोंडा पडतो. तरीही कित्येक पिढ्यांनी हे नाव बारशाला जाणूनबुजून ठेवले.

त्याचे मूळ बालमृत्यूच्या भयात आहे. देवी, गोवर, पटकी, धनुर्वात यांनी पाळणे रिकामे होत, त्या काळात ज्या घरी एकामागून एक मुले जात, तिथे पुढच्या मुलाला सुंदर नाव द्यायला आईबाप धजत नसत. गोड नावाला दृष्ट लागते, काळाचे लक्ष जाते, ही समजूत. मग मूल नकोसे आहे असे भासवले जाई. कुठे ते उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलत, कुठे शेजारणीच्या ओटीत घालून मूठभर धान्याच्या मोबदल्यात परत विकत घेत. उकिरडा, केरोबा, भिकाजी, दगडू ही नावे याच रीतीतली, आणि धोंडोही त्यांचाच भाऊ. मात्र या सगळ्यांत धोंडो वेगळा उठून दिसतो. केर आणि उकिरडा ही टाकाऊपणाची नावे आहेत. दगड टाकाऊ असतो, पण टिकाऊही असतो. ऊनपावसाने त्याचे काही बिघडत नाही. शिवाय गावाच्या वेशीवर शेंदूर फासलेला धोंडाच म्हसोबा होऊन राखण करतो. हे नाव ठेवणाऱ्या आईच्या मनात तिरस्कार नव्हता. मूल दगडासारखे जगावे, एवढेच तिचे मागणे होते.

दुसरा अर्थ पंचांगातून येतो. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे, सौर वर्ष 365 दिवसांचे. दरवर्षी पडणारे अकरा दिवसांचे अंतर भरून काढण्यासाठी साधारण 32-33 महिन्यांनी एक महिना वाढवावा लागतो. ज्या चांद्र महिन्यात सूर्य एकाही नव्या राशीत जात नाही, तो अधिक मास. पोथीत तो मलमास किंवा पुरुषोत्तम मास असला, तरी घराघरांत तो 'धोंड्याचा महिना'च असतो. लग्न, मुंज अशी कार्ये त्यात होत नाहीत. जावयाला मात्र धोंड्याचे जेवण आणि तेहतीस अनारशांचे वाण मिळते. 2023 साली श्रावण अधिक होता, 2026 साली ज्येष्ठ. या महिन्यात जन्मलेल्या मुलाचे नाव धोंडो आणि मुलीचे धोंडाबाई किंवा धोंडूताई ठेवण्याची चाल होती. त्यामुळे प्रत्येक धोंडोमागे गेलेली भावंडे असतीलच असे नाही. कधी कधी ते नाव म्हणजे नुसती जन्माच्या महिन्याची नोंद असते.

धुंडिराज हे नाव ऐकायला जवळचे, पण कूळ निराळे. काशीला विश्वनाथाजवळ ढुंढिराज गणपती आहे. स्कंदपुराणातल्या काशीखंडात त्याच्या नावाचा संबंध शोधणे या अर्थाच्या 'ढुंढ्' धातूशी जोडला आहे. हिंदीतले 'ढूंढना' त्याच घराण्यातले. दादासाहेब फाळके यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके, ते या गणपतीचे. धोंडो आणि धुंडिराज ही एकाच नावाची दोन रूपे समजणे चूक ठरेल.

हा घोटाळा वाढायला इंग्रजी दप्तरांनी हातभार लावला. नानासाहेब पेशव्यांचे मूळ नाव धोंडोपंत. त्यांना पकडून देणाऱ्याला 1858 साली कंपनी सरकारने एक लाख रुपयांचे इनाम लावले, तेव्हाच्या कागदांत हे नाव 'धुंदू पंत' असे वाचले जाईल अशा रोमन अक्षरांत लिहिलेले आहे. हिंदी पुस्तकांत तेच 'नाना धुंधूपंत' होऊन बसले. तिथे दगडाचा मागमूसही उरला नाही. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर टिपूच्या कैदेतून सुटलेला आणि सप्टेंबर 1800 मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढताना पडलेला धोंडजी वाघ हाही इंग्रजी इतिहासात 'धोंडिया' म्हणूनच भेटतो.

पाऊस लांबला की खेड्यांत मुलाच्या अंगाला कडुनिंबाचे डहाळे बांधून दारोदार पाणी मागतात, ती धोंडी. गोव्यात शिरगावच्या लईराईच्या जत्रेत हातात वेताची काठी घेऊन निखाऱ्यांवरून चालणारे व्रतस्थ भक्त, ते धोंड. हे शब्द धोंडोच्या शेजारचे वाटतात. पण बारशाच्या नावाशी त्यांचे नाते नुसत्या उच्चारसाम्यावरून ठरवू नये.

मोरो, नारो, दत्तो, विसो यांच्या ठशावर 'धोंडो' बनले. अण्णाजी दत्तो, मोरो त्रिंबक, नारो शंकर ही मराठेशाहीतली नावे आठवली की हा ठसा किती जुना ते कळते. शेतकरी आणि कारागीर घरांत त्याचीच रूपे धोंडिबा आणि धोंडीराम. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली ती जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून. प्रश्न विचारून जाणून घेणाऱ्या माणसाला त्यांनी हे मातीतले नाव दिले. विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे यांना 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. 1962 मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे वय 104 होते. पु. ल. देशपांड्यांनी 'असा मी असामी'च्या नायकाचे नाव धोंडो भिकाजी ठेवले. बापाचे नाव भिकेवरून आणि मुलाचे धोंड्यावरून, म्हणजे काळाला चकवण्याच्या दोन रीती एकाच घरात आल्या.

लसी आल्या, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, मुले जगू लागली, तसे हे नाव मागे पडले. आता ते जुन्या सातबाऱ्यांवर, देवळाच्या पायरीवर कोरलेल्या देणगीदारांच्या ओळीत आणि एखाद्या आजोबांच्या पूर्ण नावात मधल्या जागी सापडते.