उलवे : गाव विमानतळात गेलं, नाव बिल्डिंगांना मिळालं

पेण (वार्ताहर) : आपल्या खारेपाटातला पोरगा मुंबईत नोकरीला लागला आणि लग्न ठरलं की घरात पहिली चर्चा खोलीची. पूर्वी कळंबोली, कामोठे, फार तर नवीन पनवेल ही नावं निघायची. आता त्यात उलव्याचं नाव हमखास असतं. माझा सख्खा भाचा दोन वर्षांपासून तिथं भाड्यानं राहतोय. मागच्या महिन्यात त्याच्याकडे वालाच्या शेंगा आणि तांदूळ पोचवायला गेलो, एक रात्र राहिलो. आपण मोबाईलवर जाहिराती बघतो, 'विमानतळाशेजारी स्वप्नातलं घर' वगैरे. पण ही वस्ती नेमकी काय आहे, कोणाच्या जमिनीवर उभी आहे आणि तिथं पाणी कुठून येतं, हे पेण-उरण-पनवेलच्या माणसानं नीट समजून घेतलं पाहिजे. का, ते पुढे येईलच.

आधी नोड म्हणजे काय ते बघू. मुंबईवरची गर्दी कमी करायला खाडीपलीकडे नवं शहर करावं, ही कल्पना साठच्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडली. सरकारनं 1970 साली सिडको ही कंपनी काढली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली 95 गावं या शहरासाठी ठरवली. सगळं शहर एकाच जागी गोळा न करता वेगवेगळ्या उपनगरांत पसरायचं ठरलं. त्या प्रत्येक उपनगराला सिडकोच्या भाषेत नोड म्हणतात. वाशी पहिला. मग नेरूळ, बेलापूर, खारघर असे होत गेले. उलवे आणि उरणकडचं द्रोणागिरी हे शेवटच्या पंगतीतले. वाशीला 1992 मध्ये रेल्वे पोचली, उलव्याला मात्र 2018 उजाडावं लागलं.

नकाशात बघाल तर उलवे पनवेल खाडीच्या अलीकडे, बेलापूर-नेरूळच्या समोर. मधे खाडी आणि खारफुटी. रेल्वे नव्हती तोवर इथं जायला आम्र मार्गानं नाहीतर गव्हाण फाट्यावरून जावं लागे आणि जेएनपीटीच्या कंटेनरमागे तास तास अडकावं लागे. म्हणून बिल्डिंगा उभ्या राहिल्या तरी माणूस राहायला यायला बिचकायचा. 11 नोव्हेंबर 2018 ला नेरूळ आणि बेलापूरहून खारकोपरपर्यंत लोकल सुरू झाली. 12 जानेवारी 2024 ला ती पुढे उरणला गेली आणि त्याच दिवशी शिवडी ते न्हावा-शेवा अटल सेतूचंही उद्घाटन झालं. तिथून उलव्याचं नशीब पालटलं असं तिथले दुकानदार सांगतात. भाडीही पालटली, ते भाचा सांगतो.

सकाळी सहाला त्याच्याबरोबर खारकोपर स्टेशनवर गेलो. डबा, पाठीवर बॅग, कानात वायर, सगळे एकसारखे. लोकलचं असं आहे की इथून थेट सीएसएमटीला गाडी नाही. नेरूळला किंवा बेलापूरला उतरायचं, पूल चढायचा, तिथून हार्बरची गाडी पकडायची. ठाण्याला जायचं तर नेरूळहून ट्रान्स हार्बर. आणि उरण मार्गावर हार्बरसारखी पाच-दहा मिनिटांनी गाडी येत नाही. एक चुकली की बसा फलाटावर. भाचा फोर्टात कामाला आहे. सातला निघालेला माणूस रात्री नऊला घरी. मी विचारलं, "एवढा समोर सेतू दिसतोय, त्यावरून का नाही जात?" तर हसला. "मामा, गाडी असेल तर. सेतूचा कारला एका बाजूचा टोल अडीचशे रुपये." बस सुरू झाल्या आहेत, पण त्याच्या वेळेला जमत नाहीत म्हणाला.

दुपारी खाली फिरलो तर वस्तीत बाप्या माणूस जवळजवळ नाही. म्हातारी माणसं, बाया, शाळेची पोरं आणि भाजीवाले. एखाद्या नोकरदार वस्तीची ही दुपार आपल्या लावणीच्या दिवसांतल्या गावासारखीच असते, फक्त माणसं शेतावर नसून गाडीत असतात. रुंद रस्ते आहेत, सेक्टरचे नंबर आहेत, औषधाची दुकानं आणि इस्टेट एजंटांची ऑफिसं पावलोपावली. सेक्टरच्या कडेला जुन्या गावांची कौलारू आणि स्लॅबची घरं लागतात, देऊळ लागतं, तळं लागतं. वहाळ, मोरावे, शेलघर, गव्हाण ही मूळची आगरी-कोळी-कराडी वस्तीची गावं. पूर्वी इथं आपल्यासारखीच खारबांधाच्या आतली भातशेती, मिठागरं आणि खाडीवरची मासेमारी.

आता नावाची गोष्ट. मी एका इस्टेट एजंटाला विचारलं, उलवे गाव कुठल्या बाजूला? त्यानं चारी बाजूला हात फिरवला, "हे सगळं उलवेच." पण मूळ उलवे गाव या नोडमध्ये नाहीच. ते विमानतळाच्या जागेत होतं. उलवे, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, वाघिवली, वाघिवलीवाडा आणि वरचे ओवळे अशी दहा गावं विमानतळासाठी उठली. तीन हजारांवर कुटुंबं वडघर, करंजाडे, वहाळ आणि दापोलीजवळच्या पुष्पकनगरकडे हलवली गेली. उलव्याची टेकडी सुमारे 90 मीटर उंच होती, ती सुरुंग लावून उतरवली. उलवे नदीचं पात्र वळवलं. 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबरपासून विमानं उडू लागली. तरघर गाव उठलं, त्याचं नाव आता रेल्वे स्टेशनला आहे. लोकल थांबते, पाटी दिसते, पण उतरून तरघरकराचं घर विचारलंत तर सापडायचं नाही.

जमिनीचा हिशेब हा या लेखाचा मुख्य भाग, म्हणून सावकाश वाचा. जमीन घेताना सुरुवातीला शेतकऱ्याला फक्त रोख मोबदला होता आणि तोही फार तुटपुंजा. त्यावरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचा शेतकरी रस्त्यावर आला. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे 1990 साली साडेबारा टक्क्यांची योजना आली. म्हणजे सरकारनं तुमची जेवढी जमीन घेतली, तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड तुम्हाला परत. ऐकायला बरं वाटतं. आता एका एकराचं गणित मांडू.

एक एकर म्हणजे 40 गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे 5 गुंठे. पण शाळा, बाग, मैदान अशा सामाजिक सुविधांसाठी त्यातले 30 टक्के कापले जातात. हातात राहतात साडेतीन गुंठे, म्हणजे साधारण 354 चौरस मीटर. म्हणजे नाव साडेबारा टक्के, पदरात पडतात पावणेनऊ. चार भाऊ आणि दोन बहिणी वारस असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या गुंठ्याहून थोडं जास्त. आणि हा भूखंड तुमच्या जुन्या शेताच्या जागी मिळेल असंही नाही, सोडतीत जिथं निघेल तिथं. विमानतळाच्या दहा गावांनी मात्र ताणून धरलं. त्यांना 2014 च्या शासन निर्णयानं साडेबावीस टक्के मिळाले, म्हणजे एकराला कागदावर 9 गुंठे. भांडल्याचा फरक एवढा.

पण बहुतेकांनी भूखंड हातात यायची वाटच पाहिली नाही. योजना आली तरी वाटप वर्षानुवर्षं चाललं. वारस दाखले, मोजणी, इरादापत्र, सोडत, करारनामा, प्रत्येक पायरीला हेलपाटे. मधे पोरीचं लग्न, आजारपण, घराचा स्लॅब. मग दलाल दारात येऊन म्हणायचा, "फाईल देऊन टाक." भूखंड नाही, नुसती फाईल विकली गेली. पुढे भूखंड मिळाला तेव्हा सिडको, शेतकरी आणि बिल्डर यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, शेतकऱ्यानं अंगठा दिला आणि बाजूला झाला. उलव्यात आज ज्या सात-आठ मजली इमारती दिसतात, त्यांतल्या पुष्कळशा अशाच साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर आहेत. ज्यांनी दम धरला, स्वतः बिल्डरशी बोलून इमारतीतला हिस्सा मागितला, त्यांच्याकडे आज चार-दोन भाड्याच्या खोल्या आणि खाली दोन गाळे आहेत. भाच्याचा घरमालक असाच एक मोराव्याकडचा कराडी म्हातारा. तो मला म्हणाला, "माझ्या सख्ख्या भावानं फाईल विकली, गाडी घेतली. गाडी भंगारात गेली. मी नाय विकली, म्हणून तुमच्या भाच्याचा भाडा खातंय."

घर घेणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिडकोची जमीन मालकी हक्काची नसते, 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते. आपल्या सातबाऱ्याच्या हिशेबानं बघायला गेलात तर गोंधळ होईल. खोली विकताना-घेताना सिडकोचं हस्तांतरण शुल्क लागतं. बिल्डरच्या छापील पत्रकात हे बारीक अक्षरात असतं. त्यामुळे भूखंडाचा करारनामा, त्रिपक्षीय करार आणि इमारतीचा भोगवटा दाखला हे तीन कागद बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. सिडकोची स्वतःची घरंही बामणडोंगरी आणि खारकोपर स्टेशनजवळ आहेत. 2022 च्या दिवाळीत उलव्यातल्या 7,849 घरांची सोडत काढली होती, दुर्बल घटकांसाठी. बामणडोंगरीच्या घराची किंमत 35 लाख ठेवली. दुर्बल माणूस 35 लाख आणणार कुठून, अशी ओरड झाली तेव्हा 2024 मध्ये 6 लाख कमी करून 29 लाख केली.

कारभाराचं म्हणाल तर उलवे रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. पण पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. 2016 साली पनवेल महापालिका झाली तेव्हा खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल तिच्यात गेले, उलवे बाहेर राहिलं. नोड सिडकोच्या ताब्यात आणि जुन्या गावांना ग्रामपंचायत. रस्त्यातला खड्डा कोणी बुजवायचा यावर तिथंही आपल्यासारखाच टोलवाटोलवीचा खेळ चालतो. गावठाणाबाहेर पोरांनी गरजेपोटी बांधलेली घरं नियमित होणार की नाही, हा प्रश्नही कित्येक वर्षं लोंबकळतोय.

आता पाण्याकडे येतो, कारण ते आपलं आहे. भाच्याच्या नळाला हेटवण्याचं पाणी येतं. धरण आपल्या पेण तालुक्यात, शुद्धीकरण जित्याला, आणि तिथून जलवाहिनीनं पाणी उलवे, द्रोणागिरी, खारघरकडे जातं. धरण बांधलं तेव्हा ते शेतीच्या सिंचनासाठी म्हणून सांगितलं होतं. कालवे खारेपाटात पुरते पोचलेच नाहीत. आमच्याकडे एप्रिल लागला की बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात आणि पावणे दोन तासांवरच्या सहाव्या मजल्यावर माझ्या भाच्याची बायको हेटवण्याच्या पाण्यानं भांडी घासते. तिचा काही दोष नाही, ती पण इथलीच पोर. तिनंच मला विचारलं, "मामा, गावाला पाणी आलं का हो?" मी चहा पीत गप्प बसलो.

याच हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांनी महामुंबई सेझच्या वेळी जमीन द्यायची की नाही यावर मतदान केलं होतं, 21 सप्टेंबर 2008 ला. शेतकऱ्याला मतपत्रिका देऊन विचारलं गेलं, असा प्रकार तोवर कोणी पाहिला नव्हता. निकाल सरकारनं अधिकृतपणे जाहीर केला नाही, पण सेझ पुढे बारगळला. ती जमीन आज शेतकऱ्याच्या नावावर आहे.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे मार्च 2024 मध्ये सरकारनं उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली 124 गावं 'कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर' म्हणून अधिसूचित केली आणि एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमलं. क्षेत्र 323 चौरस किलोमीटर. पेपरवाले त्याला तिसरी मुंबई म्हणतात. गावागावांतून हजारो हरकती गेल्या. आपलं गाव या यादीत आहे का, हे ग्रामपंचायतीत किंवा तलाठ्याकडे विचारा. असेल तर सातबाऱ्यावर मेलेल्या आजोबा-आजींची नावं ठेवू नका, वारस नोंदी करून घ्या. बहिणींचीही नावं लावा, उलव्यात सगळ्यात जास्त फाईली तिथंच अडकल्या असं तो म्हातारा सांगत होता. साठेकरार म्हणून कोणी कागद पुढे केला तर आधी वकिलाला दाखवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. उलव्याहून पेणला थेट गाडी नाही. गव्हाण फाट्यावर उभा राहिलो, एका टेम्पोवाल्यानं पळस्प्यापर्यंत सोडलं, तिथून एसटी. कर्नाळा मागे पडल्यावर खारपाड्याच्या पुलापर्यंत रस्त्याकडेच्या पाट्या मोजत बसलो. 'एनए प्लॉट', 'विमानतळापासून 30 मिनिटे', 'आजच बुक करा'. सतरा झाल्या आणि मोजायचं सोडलं. एका पाटीमागच्या शेतात एक बाई वालाच्या शेंगा तोडत होती.