द्राक्षं नसलेल्या महिन्यात वणी

मे महिन्यात वणीला द्राक्षं नसतात. नाशिक जिल्ह्याबाहेरच्या पुष्कळांना हे ठाऊक नसतं, आणि उन्हाळी सुट्टीचा बेत तिथेच फसतो. वणी ज्यात येते त्या दिंडोरी तालुक्यातली तोडणी जानेवारीत जोर धरते आणि मार्चअखेर, फार तर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आटोपते. शाळांना सुट्टी लागते त्यानंतर. पुण्या-मुंबईहून गाडी भरून आलेलं कुटुंब बागेत शिरतं तेव्हा मांडवावर घड एकही नसतो. छाटलेल्या ओलांड्यांवर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांवर, नवी फूट तेवढी आलेली असते. चौदा वर्षांचा मुलगा फोनवरून मान वर करून विचारतो, "मग इथे बघायचं काय?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याला चांगलं उत्तरही आहे. फक्त ते बैलगाडीत बसवून देता येत नाही.

शेतावरच्या सुट्टीचा विषय निघाला की इटलीचं नाव येतंच. तिथे शाळा जूनच्या सुरुवातीला मिटतात आणि सप्टेंबरच्या मध्याला उघडतात. द्राक्षवेल मे-जूनमध्ये फुलते, जुलै-ऑगस्टमध्ये मणी भरतात आणि बरीचशी तोडणी सप्टेंबरात होते. म्हणजे पोरांची सुट्टी आणि वेलीचा हंगाम हातात हात घालून चालतात. यात कोणाच्या नियोजनाचा भाग नाही, हवामानाचा आहे. नियोजन केलं ते वेगळ्या गोष्टीचं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली खेडी भराभर रिकामी झाली. तोस्काना, उंब्रिया भागातली वाट्याने शेती करणारी कुटुंबं शेत सोडून कारखान्यांच्या शहरांकडे गेली आणि त्यांची दगडी घरं ओस पडली. १९६५ मध्ये शेतकऱ्यांच्या पुढाकाराने ‘अग्रितुरिस्त’ ही संघटना उभी राहिली आणि १९८५ मध्ये देशाचा पहिला कृषी पर्यटन कायदा झाला. २००६ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. या कायद्याचा गाभा एका अटीत आहे: पाहुणे ठेवणारा आधी शेतकरी असला पाहिजे, आणि शेती हाच त्याचा मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे. आज तिथे अशी पंचवीस हजारांहून अधिक घरं आहेत. या अटीमुळे पाहुण्याच्या वाट्याला काय येतं? एक असं घर, जिथे त्याच्यासाठी कोणी काम थांबवत नाही.

आपल्याकडे नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी हा प्रयोग फार लवकर केला. बारामती भागात पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास त्याला चळवळीचं रूप दिलं. राज्य सरकारचं कृषी पर्यटन धोरण आलं ते २०२० मध्ये. तेव्हापासून पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. पण धोरण काहीही म्हणो, बाजारात जे विकलं जातं ते बहुतेक एका दिवसाचं असतं. सकाळी मिसळ, बैलगाडीची चक्कर, कुंभाराचं चाक, दुपारी चुलीवरचं जेवण, संध्याकाळी चहा-भजी आणि परत. सात-आठ वर्षांच्या मुलाला त्यात मौज वाटते. तेरा ओलांडलेल्याला अकरा वाजता कंटाळा येतो, आणि त्याचं चुकत नाही. आपल्यासाठी मांडलेला खेळ त्या वयात लगेच ओळखू येतो. मामाच्या गावी आपल्या पिढीची करमणूक करायला कोणी मोकळं नव्हतं. मोटार चालू कर, जनावरांना पाणी दाखव, आंब्याची आढी उलटून ये, असं सांगितलं जाई. ते काम आपण केलं नसतं तर दुसऱ्या कोणाला करावं लागलं असतं, एवढी त्याची किंमत होती. तेरा-सोळाच्या वयाला हीच गोष्ट हवी असते, आणि वणीच्या बागेत ती मे महिन्यात आहे.

युरोपात हिवाळ्याच्या थंडीत वेल झोपते, पानं गळतात, तेव्हा एकदाच छाटणी होते. आपल्या हवेत वेल पुरती झोपतच नाही. म्हणून आपला बागाईतदार वर्षातून दोनदा कात्री चालवतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. फळ येतं दुसऱ्या छाटणीनंतर, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे. पण किती फळ यायचं हे ठरतं पहिल्या छाटणीनंतर. खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यात, साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात, पुढच्या हंगामाचा घड आतल्या आत घडतो. शेतकरी त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. डोळ्याला दिसत नाही असा हा घड तयार व्हायला वेलीला लख्ख ऊन लागतं. पानांची गर्दी झाली, सावली पडली, किंवा आभाळ दिवसेंदिवस भरलेलं राहिलं, तर त्या डोळ्यातून घडाऐवजी नुसती बाळी किंवा वांझ फूट निघते. मे महिन्यात अवकाळी ढग आले की मुंबईकर पाहुणा सुखावतो आणि यजमानाच्या कपाळाला आठ्या पडतात, त्याचं कारण हे.

म्हणून मे हा वणीच्या बागेतला निकामी महिना नव्हे. काड्यांची विरळणी, शेंडा खुडणं, सबकेन (खुडलेल्या शेंड्याखालून फुटणारी उपकाडी) करणं ही कामं याच दिवसांतली. एका वेलीवर किती काड्या ठेवायच्या, कोणती उडवायची, ओलांड्यावर ऊन कुठे पोचत नाही, हे एकदा दाखवलं की पंधरा वर्षांच्या मुलीला उत्तम जमतं. आधी तिला फक्त मोजायला लावावं. एका ओळीतल्या वेली, प्रत्येकीवरच्या काड्या, वहीत नोंद. मग संध्याकाळी यजमानाने ती वही बघून कुठे दाटी राहिली ते सांगावं. मालकाच्या वर्षभराच्या उत्पन्नाशी आपल्या नोंदीचा संबंध आहे हे कळलं की फोन आपोआप खिशात जातो. (नेहमीच जातो असं नाही. पण ओढाताण कमी होते.) पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात काड्या प्रयोगशाळेत पाठवून डोळे उघडून तपासले जातात आणि आत घड आहे की नाही हे भिंगाखाली कळतं. तो अहवाल यजमानाकडून मागवून घ्यावा. आपण मोजलेल्या ओळीचा निकाल शाळेच्या कोणत्याही निकालाइतकाच उत्सुकतेने वाचला जाईल.

घडच बघायचे असतील, तर एक वाट पालकांच्या ध्यानात क्वचितच येते. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावी सुरू व्हायला जून-जुलै उजाडतो. त्या वर्षी सुट्टीचं पंचांग शाळेच्या हातात नसतं, तुमच्या हातात असतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उशिराच्या बागा अजून तोडणीवर असतात. क्रेट, कात्र्या, प्रतवारी, पॅकहाउसला जाणाऱ्या गाड्या, सगळी घाई चालू असते. दिंडोरी तालुक्यातच मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी आहे. निर्यातीचं द्राक्ष बागेतून परदेशी दुकानापर्यंत कसं जातं ते तिथे कळतं. अशा ठिकाणी आगाऊ विचारून जावं. वाइनरीतले फेरफटके मात्र मोठ्यांसाठी आहेत. मुलांना तिथे नेऊन बाकावर बसवून ठेवण्यात अर्थ नाही.

एप्रिलच्या आसपास आलात तर वणीजवळच्या गडावरच्या सप्तशृंगी देवीच्या चैत्र यात्रेशी गाठ पडेल. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांनी गडाच्या पायथ्याच्या नांदुरीकडचे रस्ते भरून जातात. गर्दी नको असेल तर हे दिवस टाळावेत. पण मुलं मोठी असतील तर मी टाळणार नाही. धुळे-जळगावहून उन्हात चालत आलेली माणसं, वाटेवरची पाण्याची आणि जेवणाची सोय करणारी गावं, हे सगळं पुस्तकातून समजत नाही. एरवी मे महिन्यात नांदुरीहून घाट चढून गडावर पोचलं की वरचा वारा सुखाचा असतो. गडावरून मंदिरापर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीही आहे. आजीला ट्रॉलीतून पाठवावं, पोरांना पायऱ्यांनी. अठरा भुजांची मूर्ती कड्यातच कोरलेली आहे. २०२२ मध्ये तिच्यावरचे शेंदराचे थर उतरवल्यावर शतकानुशतकं न दिसलेलं मूळ कोरीव रूप समोर आलं. श्रद्धा असो वा नसो, जतनाचं ते काम मुलांना सांगण्याजोगं आहे.

इतिहासाची आवड असलेल्या मुलाला वणीत आणखी एक धागा सापडतो. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराज बागलाणातून परतत असताना मोगल सरदार दाऊदखान त्यांची वाट अडवायला निघाला, आणि १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीच्या या टापूत मोठी लढाई झाली. खजिना पुढे काढून देऊन महाराज स्वतः उघड्या मैदानात मोगली फौजेला भिडले. डोंगरी छाप्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलाला ही लढाई वेगळी वाटते. नकाशा हातात घेऊन सातमाळेची रांग आणि कांचनाची खिंड त्याला स्वतः शोधू द्यावी. अहिवंत, अचला, मोहनदर, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या हे किल्ले याच पट्ट्यात आहेत. थोडं पूर्वेला माथ्यावरच्या खाचेमुळे दुरूनही ओळखू येणारा धोडप. उन्हाळ्यात या डोंगरांवर सावली नसते आणि वाटा घसाऱ्याच्या असतात. पहाटे पाचला पायथा सोडावा, दहाच्या आत खाली यावं, माणशी तीन लिटर पाणी असावं आणि गावातला वाटाड्या सोबत घ्यावा. मे महिन्याच्या दुपारी गडावर जाण्याचा हट्ट धरणाऱ्याला, तो बाप असला तरी, ऐकून घेऊ नये.

दुपार मग कुठे घालवायची? माझं उत्तर पाणी आहे, आणि ते पोहण्याचं नव्हे. धरणाच्या पाण्यात अनोळखी पोरांनी उतरू नये, हा नियम मोडायचा नाही. दिंडोरी तालुका धरणांचा आहे: ओझरखेड, करंजवण, पुणेगाव, वाघाड. यातल्या वाघाडची गोष्ट मोठ्या मुलांना आवर्जून सांगावी. कालव्याच्या शेपटाकडच्या गावांना पाणी पोचतच नव्हतं. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९० च्या सुमारास शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था बांधायला घेतल्या, आणि सुरुवात शेपटाकडून केली. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी स्वतः भरायची, वाटप स्वतः ठरवायचं. पुढे साऱ्या प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या हाती आला. नागरिकशास्त्राच्या धड्यात ‘लोकसहभाग’ पाठ केलेल्या मुलाने एखाद्या संस्थेच्या पदाधिकाऱ्याला तासभर प्रश्न विचारावेत. तो आनंदाने उत्तरं देतो. भांडणं कशी मिटवली ते विचारलं तर अधिकच.

पश्चिमेला सुरगाणा-पेठच्या आदिवासी पाड्यांवर याच दिवसांत बोहाड्याची, मुखवटे चढवलेली सोंगं नाचतात. प्रत्येक गावाची रात्र वेगळी असते आणि ती यजमानालाच विचारावी लागते. बाजारात डोंगरावरून आलेली करवंदं पानाच्या द्रोणात मिळतात, घरात नागलीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. यावर मुलं नाराज झालेली मी तरी पाहिलेली नाहीत.

राहिली ती घर ठरवण्याची गोष्ट. नाशिकहून वणी चाळीस किलोमीटरच्या आसपास, म्हणून लोक दिवसाची सहल करतात. तसं करू नये, निदान आठवडा काढावा. फोनवर खोलीत एसी आहे का हे विचारण्याआधी काही वेगळे प्रश्न विचारावेत. घरची माणसं तिथेच राहतात का, की बाग सांभाळायला माणूस ठेवलाय? तुमची खरड छाटणी कोणत्या तारखेची? या प्रश्नाला तारखेसकट उत्तर मिळालं तर घर शेतकऱ्याचं आहे, आणि त्या तारखेत महिना मिळवला की विरळणीच्या आसपासचे दिवस निघतात. त्या आठवड्यात फवारणी कधी आहे? त्या दिवशी मुलांना बागेत सोडायचं नाही, औषधाच्या खोलीला कुलूप असलं पाहिजे. विहिरीला कठडा आहे का? आमची मुलं रोज सकाळी दोन तास तुमच्यासोबत कामाला आली तर चालेल का? या शेवटच्या प्रश्नावर समोरून थोडं हसू ऐकू येतं आणि मग बहुतेक वेळा उलटा प्रश्न येतो, "सहाला उठतील ना?" तेवढं मुलांना विचारूनच कबूल करावं.