स्वातीची चाल

बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या कल्याणातून स्वाती आकाशात जिथे दिसायची, तिथे ती आज नाही. साडेआठशे वर्षांत ती पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहून थोडी जास्तच सरकली आहे. ते कल्याण म्हणजे बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. सूर्याच्या तुलनेत स्वातीचा वेग सेकंदाला सुमारे १२० किलोमीटर. पण ती ३७ प्रकाशवर्षे दूर असल्याने एका आयुष्यात डोळ्यांना फरक जाणवत नाही. १७१८ साली एडमंड हॅलीने जुन्या ग्रीक नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा ‘स्थिर’ समजले जाणारे तारे चालतात हे प्रथम ध्यानात आले.

ही चाल पकडायची तर ताऱ्याची आधीची जागा कुणीतरी नेमकी टिपून ठेवलेली हवी. असे एक मोठे काम बीदरच्या मुलखाच्या जुन्या राजधानीत झाले. बीदर आणि गुलबर्गा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होते. हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी १९०१ साली उभारलेल्या निजामिया वेधशाळेने आकाशाचा एक आख्खा पट्टा अंगावर घेतला: खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला १७ ते २३ अंश. अनुराधा नक्षत्रातले दोन ठळक तारे याच पट्ट्यात येतात. १८८७च्या पॅरिस परिषदेत सगळ्या आकाशाचे फोटो घ्यायचे ठरले होते, त्याचाच हा भाग.

काम फार चिकाटीचे. काचेच्या प्लेटवर तारे टिपायचे, त्याच प्लेटवर ५ मिलिमीटरच्या चौकटींची बारीक जाळी उमटवायची, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक काळा ठिपका जाळीच्या रेघांपासून किती दूर आहे ते मोजून लिहायचे. प्लेटवरचा १ मिलिमीटर म्हणजे आकाशातली १ कला, चंद्राच्या रुंदीचा जेमतेम तिसावा हिस्सा. संचालक टी. पी. भास्करन यांनी ही मोजणी अनेक वर्षे नेटाने चालवली. साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा छापून निघाल्या. पुढे हिप्पार्कोस उपग्रहाची मोजमापे हाती आल्यावर जगभरच्या अशा जुन्या नोंदी त्यांच्याशी ताडल्या गेल्या आणि २००० साली टायको-२ या यादीत २५ लाख ताऱ्यांची चाल नोंदवली गेली. हैदराबादच्या या मेहनतीची आपल्याकडे फारशी आठवण काढली जात नाही, ती काढायला हवी.

चाल कळली की कधी कधी वस्तुमानही काढता येते. व्याधाचा मार्ग किंचित नागमोडी आहे हे १८४४ साली बेसेलने दाखवले. कुणीतरी अदृश्य जोडीदार त्याला ओढत असणार. १८६२ साली तो दुर्बिणीत सापडला. दोघांमधले सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे २० पट आणि एका फेरीला ५० वर्षे. आता अंतराच्या घनाला फेरीच्या वर्षांच्या वर्गाने भागले की दोघांचे एकूण वस्तुमान सूर्याच्या पटीत मिळते: २०चा घन ८०००, ५०चा वर्ग २५००, भागाकार ३.२. म्हणजे दोघांचे मिळून वस्तुमान सूर्याच्या तिप्पट किंवा थोडे अधिक. त्यातला व्याध सूर्याच्या दुप्पट. जोडीदार सूर्याइतकाच जड, पण आकाराने पृथ्वीएवढा: जळण संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा.

ताऱ्याचे पुढचे सारे नशीब बहुतांशी वस्तुमानावर ठरते. वायू आणि धुळीचा थंड ढग स्वतःच्याच गुरुत्वाने आत कोसळतो, गाभा तापत जातो आणि हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते. सूर्याच्या आठ टक्क्यांहून कमी वस्तुमान जमले तर ही भट्टी नीट पेटतच नाही. भालकी-औरादकडचा शेतकरी ज्या मिरगाकडे पेरणीसाठी डोळे लावून बसतो, त्या मृग नक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांजवळ असा एक ढग आहे. सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूरच्या या ढगात आजही तारे जन्मत आहेत. हिवाळ्यात, अंधाऱ्या शिवारातून साध्या द्विनेत्रीनेही तो दिसतो.

शेजारची तांबूस आर्द्रा सूर्याच्या दहापटीहून जड. जड तारा जळण भराभर संपवतो, म्हणून जेमतेम कोटभर वर्षांतच ती अखेरच्या टप्प्यात पोचली आहे. सूर्याचे वय ४६० कोटी वर्षे असून त्याच्याकडे अजून जवळपास तेवढ्याच काळाचे इंधन शिल्लक आहे.